पिग्मीचे ॲप, आणि डेटाबेसची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभांच्या नोटिसांत हल्ली एक विषय हमखास दिसतो : संस्थेचे स्वतःचे ॲप. पतसंस्था, दूध सोसायटी, वाचनालय, शाळा. बेळगावपासून निपाणी-चिकोडीपर्यंत आणि इकडे खानापुरापर्यंत कोणी ना कोणी ते करून घेतोच आहे. काम बहुधा जवळच्याच अभियांत्रिकी कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या दोघा-तिघांकडे जाते. त्यात गैर काही नाही. पोरे हुशार असतात, पडद्यावर दिसणारा भाग झकास करतात. घोळ पडद्यामागे असतो. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्येच लिहिलेला, डेटाबेस साऱ्या जगाला उघडा आणि क्लाऊडचे खाते करणाऱ्याच्या खासगी ई-मेलवर. सभेत चर्चा होते ती लोगोची, रंगाची आणि खर्चाची. अखेरचा हप्ता देण्यापूर्वी संचालकांनी काय तपासावे आणि करणाऱ्यांनी काय करावे, हे एकदा तपशीलवार छापून यावे म्हणून हे पत्र. लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

उदाहरणाला पिग्मी घेऊ. सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केलेली ही रोजच्या बचतीची पद्धत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती कोणाला समजावून सांगायला नको. एजंट खडेबाजारात दुकानोदुकानी फिरतो, मोबाईलवर खाते क्रमांक आणि रक्कम भरतो. नोंद क्लाऊडवरच्या सर्व्हरकडे जाते आणि सर्व्हर ती डेटाबेसमध्ये लिहितो. साखळी एवढीच. तिचा पहिला नियम असा की मोबाईलने डेटाबेसशी थेट बोलायचे नाही, कारण मोबाईलमध्ये गेलेली प्रत्येक गोष्ट उघडी पडली असेच धरून चालावे लागते. ॲपची एपीके फाईल फुकटात मिळणाऱ्या साधनांनी कोणालाही उलगडता येते. वेबसाईटचा जावास्क्रिप्ट कोड तर ब्राउझरमध्ये एक कळ दाबली की समोर येतो. रिॲक्ट, व्हीट अशा वेबसाईट बांधायच्या साधनांत ठरावीक उपसर्ग लावलेली व्हेरिएबल्स त्या फाईलमध्ये जशीच्या तशी छापली जातात. त्यामुळे 'डॉट ईएनव्ही' या सेटिंगच्या फाईलमध्ये ठेवले म्हणजे गुप्त झाले, हा समज तिथे उपयोगाचा नाही.

सर्व्हर न लिहिता फायरबेस किंवा सुपाबेस या तयार डेटाबेस-सेवांवर काम भागवता येते, आणि लहान वाचनालयाला ते पुरेसेही आहे. फक्त फायरबेसचा 'टेस्ट मोड' ३० दिवस कोणालाही वाचू-लिहू देतो. मुदत संपली की ॲप अडते आणि घाईगर्दीत कोणीतरी तारीख पुढे ढकलून मोकळा होतो. सुपाबेसमध्ये जाहीर किल्ली मोबाईलमध्ये असायला हरकत नाही, पण प्रत्येक तक्त्यावर ओळनिहाय सुरक्षा, म्हणजे कोणती ओळ कोणाला दिसावी याचा नियम, चालू असेल तरच. 'सर्व्हिस रोल' नावाची दुसरी किल्ली सगळे नियम ओलांडून जाते. ती मोबाईलच्या कोडमध्ये सापडली तर काम परत करावे, इतके आमचे मत स्पष्ट आहे.

आता जागा. डेटा कर्नाटकात ठेवायचा की महाराष्ट्रात यावर आपल्याकडे सभा रंगू शकते, पण क्लाऊडला त्याचे सोयरसुतक नाही. ॲमेझॉनचे केंद्र मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचे पुण्यात आहे, गुगलचे मुंबई आणि दिल्लीत. यांपैकी कोणतेही चालेल. चालत नाही ते हे, की सर्व्हर एका देशात आणि डेटाबेस दुसऱ्या. पुष्कळ सेवांमध्ये आपण काही निवडले नाही तर सर्व्हर अमेरिकेत उघडतो. तिथून मुंबईच्या डेटाबेसपर्यंत एक हेलपाटा सुमारे २०० मिलिसेकंदांचा. खातेउताऱ्याच्या एका पानासाठी एकापाठोपाठ ३० क्वेरी (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) लागत असतील तर नुसत्या येण्याजाण्यात ६ सेकंद गेले. मग 'नेट स्लो आहे' म्हणून एजंट बोंबलतो. नेटचा काही दोष नसतो.

डेटाबेसचे दार. पोस्टग्रेस हा डेटाबेस ५४३२ या पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकतो, मायएसक्यूएल ३३०६ वर, मोंगोडीबी २७०१७ वर. डेटाबेसला सार्वजनिक पत्ताच नको. तो क्लाऊडमधल्या खासगी उपजाळ्यात असावा आणि त्याच्या फायरवॉलमध्ये एकच परवानगी असावी, ॲपच्या सर्व्हरच्या गटाला. प्रत्यक्षात तिथे चार शून्यांचा पत्ता आणि पुढे तिरकी रेघ शून्य, म्हणजे 'कोणीही या', असे लिहिलेले आढळते. त्याचे कारण साधे आहे. करणारा घरच्या ब्रॉडबँडवरून काम करतो. राउटर बंद-चालू झाला, अनगोळात वीज गेली-आली, की त्याचा आयपी पत्ता बदलतो. दोन-तीनदा नवा पत्ता भरला की तो कंटाळतो आणि दार सताड उघडून ठेवतो. त्यावर उपाय आहे : व्हीपीएन (खासगी सुरक्षित जोडणी), किंवा ॲमेझॉनवर असाल तर सेशन मॅनेजर. सेशन मॅनेजरला सर्व्हरवर आत येणारे एकही पोर्ट उघडावे लागत नाही, दुरून लॉगिन करण्याच्या एसएसएचचे २२ नंबरचेसुद्धा नाही, आणि त्यातूनच डेटाबेसपर्यंत बोगदा काढता येतो.

ही तपासणी संस्थेच्या क्लार्कलाही जमते. ऑफिसच्या वायफायवरून नको, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडावा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा द्यावी, पुढे डेटाबेसचा पत्ता आणि पोर्ट ५४३२. शेवटच्या ओळीत 'ट्रू' आले तर दार उघडे आहे. मग समोरचा पासवर्ड कितीही कठीण आहे म्हणाला तरी ऐकू नये. इंटरनेटवरचे सगळे पत्ते अशी पोर्टे शोधत सतत चाळले जात असतात. त्याला आपली संस्था केवढी, याच्याशी काही देणेघेणे नसते.

पासवर्ड कुठे राहतो हा पत्राचा मुख्य मुद्दा आहे. पतसंस्थेत तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असतात आणि कोणती कोणाकडे याची नोंद असते. डेटाबेसच्या पासवर्डाची मात्र व्हॉट्सॲपवर देवाणघेवाण चालते. कोडमध्ये लिहिलेला पासवर्ड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या वहीत, जातो आणि गिट काही विसरत नाही. नंतर ती ओळ खोडून नवी कमिट, म्हणजे नवी नोंद, केली तरी जुनी कमिट इतिहासात शाबूत असते. रिपॉझिटरी (कोडचे भांडार) खासगी केली तरी आधी कोणी प्रत घेतली असेल ती घेतलीच. म्हणून पासवर्ड एकदा बाहेर गेला की इतिहास साफ करत बसण्याआधी तो बदलावा, साफसफाई मागाहून. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक रिपॉझिटरींत अशा किल्ल्या चढवतानाच अडवण्याची सोय आपोआप चालू केली आहे. तिला ओळखीच्या नमुन्याच्या किल्ल्या सापडतात, 'सोसायटी@१२३' छापाचा घरगुती पासवर्ड सापडेलच असे नाही. क्लाऊडच्या खात्याची किल्ली फुटली तर प्रकरण आणखी चिघळते. ती टिपणारे बॉट लागलीच डझनावारी मोठी मशिने चालू करून त्यावर आभासी चलन खणतात आणि बिल खातेदाराच्या नावावर फाडले जाते.

मग ठेवायचा कुठे? लॅपटॉपवर काम करताना 'डॉट ईएनव्ही' फाईल चालेल, पण तिचे नाव 'गिटइग्नोर' या वगळायच्या फाईलींच्या यादीत पहिल्या कमिटच्या आधी गेले पाहिजे. एकदा गिटने ती फाईल धरली की नंतर नाव घालून उपयोग होत नाही. चालू सर्व्हरवर ही फाईल वेबसाईटच्या फोल्डरमध्ये कधीही नसावी. नवा सर्व्हर उभा राहिला की त्याच्या लॉगमध्ये 'डॉट ईएनव्ही' मागणाऱ्या अनोळखी विनंत्या दिसू लागतात, इतकी ही जागा सर्वांना ठाऊक आहे. चालू कामासाठी सिक्रेट्स मॅनेजर ही गुपिते जपणारी क्लाऊडची सेवा वापरावी. ॲमेझॉनवर तिचा दर एका गुपितामागे महिन्याला ०.४० डॉलर, म्हणजे साधारण चाळीस रुपये. तेही नको असतील तर पॅरामीटर स्टोअरचा साधा प्रकार फुकट आहे. आता ते गुपित वाचायला सर्व्हरला किल्ली कोण देणार? ही शंका चांगली मुले बरोबर काढतात. त्याचे उत्तर आयएएम रोल, म्हणजे क्लाऊडने सर्व्हरलाच दिलेली अधिकारांची ओळख. सर्व्हरला रोल जोडला की क्लाऊड त्याला स्वतःहून थोड्या तासांची तात्पुरती किल्ली देतो आणि ती बदलत राहतो. कुठेही काही लिहून ठेवावे लागत नाही. त्या रोलला फक्त तेवढेच एक गुपित वाचण्याची परवानगी असावी, 'सर्व काही' नको.

इथे एक बारीक खोच आहे. पासवर्डात ॲटचे चिन्ह, दोन टिंबे किंवा तिरकी रेघ असेल आणि तो डेटाबेसच्या जोडणीच्या ओळीत तसाच टाकला तर ओळ चुकीच्या जागी तुटते आणि 'होस्ट सापडत नाही' अशी भलतीच तक्रार येते. ॲटच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि ४० लिहावे लागते. हे माहीत नसलेला माणूस वैतागून पासवर्ड सोपा करून टाकतो. त्यापेक्षा नुसती अक्षरे आणि आकडे असलेला ३२ अक्षरी पासवर्ड यंत्राकडून तयार करून घ्यावा. तो माणसाने लक्षात ठेवायचा नसतोच. जोडणीच्या त्याच ओळीत एसएसएल मोड 'रिक्वायर' लिहिला तर पोस्टग्रेसची वाहतूक कूटबद्ध होते, पण समोरचा सर्व्हर खराच आपला आहे का याची खातरजमा होत नाही. त्यासाठी 'व्हेरिफाय-फुल' आणि क्लाऊड कंपनीचे मूळ प्रमाणपत्र लागते.

डेटाबेसमध्ये वापरकर्ता एकच, आणि तोही मालक, हे दुसरे दुखणे. निदान तीन हवेत. तक्त्यांची रचना बदलणारा एक, जो फक्त नवी आवृत्ती चढवताना वापरायचा. ॲपचा दुसरा, ज्याला तक्ता पाडण्याचा अधिकार नाही. अहवाल आणि ऑडिटसाठी तिसरा, ज्याला फक्त वाचता येते. पिग्मीच्या व्यवहारांच्या तक्त्यावर ॲपच्या वापरकर्त्याला नोंद घालण्याचा आणि वाचण्याचा अधिकार द्यावा. बदलण्याचा आणि पुसण्याचा देऊ नये. ५०० च्या जागी ५००० पडले तर उलट नोंद घालून दुरुस्त करायचे. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही हे आपल्या सेक्रेटरींना सांगावे लागत नाही. तेच डेटाबेसला परवानग्यांच्या रूपाने सांगितले की ॲप फोडून आत शिरलेल्यालाही जुने व्यवहार गपचूप बदलता येत नाहीत.

ॲप फुटते कसे, याच्या दोन चाचण्या कोणालाही करता येतील. पहिली : सभासद शोधायच्या चौकटीत इंग्रजीत डिसोझा लिहावे, मधल्या ॲपॉस्ट्रॉफीसकट. खानापूर-बेळगावात हे आडनाव काही परके नाही. पान कोसळले किंवा 'सिंटॅक्स एरर' आली, तर चौकटीत लिहिलेले थेट क्वेरीत चिकटवले जात आहे, आणि त्याच चौकटीतून अख्खा तक्ता बाहेर काढता येतो असे समजावे. दुरुस्ती म्हणजे पॅरामीटर असलेली क्वेरी, जिथे नाव हे नाव म्हणूनच डेटाबेसकडे वेगळे जाते. ॲपॉस्ट्रॉफी गाळून टाकणे ही दुरुस्ती नव्हे; त्याने डिसोझांचे नाव बिघडते आणि भोक तसेच राहते. दुसरी : आपल्या खात्याचा उतारा ब्राउझरमध्ये उघडून वरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा एकाने वाढवावा. दुसऱ्याचे पासबुक दिसले तर लॉगिन असून नसल्यासारखे आहे. हे खाते या माणसाचेच आहे का, हे सर्व्हरने प्रत्येक विनंतीला तपासायचे असते. पडद्यावरचे बटण लपवून ते होत नाही.

सभासदांचे पासवर्ड डेटाबेसमध्ये वाचता येतील असे नसावेत. एमडी-५ किंवा शा-१ ने केलेला हॅश (पासवर्डाचे उलट न फिरवता येणारे रूप) आज पुरत नाही. आर्गॉन-टू-आयडी वापरावा, नाहीतर बीक्रिप्ट, निदान १० च्या गुणकाने. बीक्रिप्ट पहिले ७२ बाईटच पाहतो. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसाठवणीत ३ बाईट घेते, म्हणजे काना-मात्रा-वेलांट्या धरून २४ चिन्हांपुढचा मराठी पासवर्ड असून नसून सारखाच. एजंटाचा ४ आकडी पिन असेल तर मुळात १०,०००च शक्यता. तिथे हॅशपेक्षा चुकीच्या प्रयत्नांवरची मर्यादा महत्त्वाची. पाच चुका झाल्या की कुलूप लागावे, आणि पिन त्याच नोंदवलेल्या हँडसेटवर चालावा. आधारचा पूर्ण क्रमांक कारणाशिवाय साठवू नये, शेवटचे ४ आकडे पुरतात. केवायसीचे फोटो सार्वजनिक फोल्डरात ठेवून 'लिंक कोणाला माहीत आहे?' म्हणणाऱ्यांना दूरच ठेवावे. फोल्डर खासगी असावे आणि दर वेळी ५-१० मिनिटांची सहीदार लिंक तयार व्हावी.

आता या भागाच्या खास अडचणी. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात नेटवर्क दिवसभर डोळे मिचकावत असते. एजंट रक्कम भरतो, 'सबमिट' दाबतो, चक्र फिरत राहते, तो पुन्हा दाबतो, आणि सभासदाच्या खात्यात दोनदा जमा. कारण पहिली विनंती पोचलेली असते, फक्त तिचे उत्तर परत आलेले नसते. बटण एकदाच दाबा अशी सूचना चिकटवून हे थांबत नाही. नोंद तयार होतानाच मोबाईलने तिला यूयूआयडी हा दुसऱ्या कोणत्याही नोंदीशी न जुळणारा क्रमांक द्यावा, नोंद आधी मोबाईलमध्येच साठवावी, आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर 'युनिक'ची अट असावी. मग तीच नोंद दहा वेळा आली तरी एकदाच बसते, आणि सर्व्हर बाकीच्या नऊ वेळा 'मिळाली आहे' एवढेच सांगतो. मोबाईलने ती आपल्याकडून काढायची ते हे उत्तर आल्यावरच.

वेळेचे गणित दूध सोसायट्यांना भोवते. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर चालते, आपल्याहून साडेपाच तास मागे. पहाटे ५ वाजता घातलेल्या दुधाची तारीख सर्व्हरच्या लेखी आदल्या दिवसाची, रात्री ११.३० ची. साडेपाचच्या आत आलेले कॅन कालच्या खात्यात आणि नंतरचे आजच्या, त्यामुळे दहा दिवसांचे बिल जुळत नाही आणि दोष काट्यावरच्या माणसाला जातो. १ एप्रिलच्या पहाटे हेच झाले की आर्थिक वर्षच बदलते. वेळ साठवताना टाइमझोनसह साठवावी आणि 'दिवस' काढताना आशिया-कोलकाता सांगून काढावा. संकलनाची तारीख आणि सकाळ-संध्याकाळ हे स्वतंत्र रकाने ठेवले तर आणखी बरे. रक्कम आणि फॅट कधीही फ्लोट या अंदाजे अपूर्णांकाच्या प्रकारात ठेवू नये. दशांश प्रकार वापरावा किंवा पैशांत पूर्णांक. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, आणि ऑडिटरला ते पटवून देता येत नाही.

नावांचे तर विचारूच नका. आपल्याकडे एकाच सभासदाचे नाव मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत असे तीन कागदांवर तीन तऱ्हेने असते. तीन रकाने ठेवावेत. एकातून दुसरे यंत्राने तयार करू नये. मराठीतही सगळे सरळ नाही. 'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडाक्षरे दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतात, दिसते तेच, पण आतले कोड वेगळे. म्हणून 'गोऱ्हे' शोधले की निम्मे गोऱ्हे सापडतात. साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी दोन्हीकडे एकच रूप करून घ्यावे, आणि त्यासाठी छोटा नियम स्वतः लिहावा लागतो. युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण हे दोन प्रकार एक करत नाही. क्रमवारीत 'ळ' कोडच्या क्रमाने 'ल'नंतर लागतो, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर. मतदार यादी अकारविल्हे लावायची असेल तर मराठीचे आयसीयू कोलेशन (क्रम लावण्याचे नियम) निवडावे. मायएसक्यूएल असेल तर यूटीएफ-८-एमबी-४ हाच अक्षरसंच. जुन्या लॅटिन-१ वर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि एकदा तशी साठवली की मूळ नाव परत मिळत नाही. मराठी एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात, इंग्रजीत १६०. संदेश लांबला की तुकडे ६७-६७ चे पडतात आणि प्रत्येकाचे पैसे लागतात. त्याचा मसुदा डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी मंचावर आधी मंजूर करून घ्यावा लागतो तो वेगळाच.

संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला सगळे एजंट एकदम भरणा करतात. पोस्टग्रेस मुळात १०० जोडण्या घेतो, छोट्या मशिनवर त्याहून कमी. प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडणारे ॲप तेव्हाच नेमके कोसळते. पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांचा सामायिक साठा, वापरावा; सर्व्हरच्या ४ प्रक्रिया आणि प्रत्येकी १० जोडण्या म्हणजे ४०, तेवढ्यात शेकडो एजंटांचे काम निघते.

बॅकअप आहे का, असे विचारले की 'आहे' हेच उत्तर येते. विचारायचे ते असे : परत उभा करून शेवटचा कधी पाहिला? ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात आणि मधल्या कोणत्याही क्षणापर्यंत मागे जाता येते. पण परत आणलेला डेटाबेस नव्या पत्त्यावर नवे मशीन म्हणून उभा राहतो. तो पत्ता ॲपला कसा द्यायचा हे लिहून ठेवलेले नसेल तर ऐनवेळी तारांबळ उडते. मूळ मशीनच कोणी काढून टाकले आणि राखून ठेवायला सांगितले नाही, तर आपोआपचे बॅकअपही त्याच्याबरोबर जातात. म्हणून काढण्याविरुद्धचे संरक्षण चालू ठेवावे आणि दर आठवड्याला डेटाबेसचा एक डंप (पूर्ण प्रत) कूटबद्ध करून वेगळ्या खात्यात टाकावा. तिमाहीला एकदा तो उघडून कालच्या पिग्मीची बेरीज रोजकीर्दीशी ताडून पाहावी.

वेबसाईटच्या कुलूपचिन्हामागचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे असेल तर ते फुकट आहे आणि ९० दिवसांत संपते. मुदत संपत आल्याचे त्यांचे ई-मेल २०२५ च्या जूनपासून बंद झाले आहेत, तेव्हा नूतनीकरण आपोआप होते की नाही हे स्वतःच पाहावे लागते.

कायद्याचेही बघावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे आणि जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेची आहे; ॲप करून देणाऱ्याकडे बोट दाखवून ती टळत नाही. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. त्या लॉगमध्ये पासवर्ड, ओटीपी आणि जोडणीची ओळ छापली जात नाही ना, हे बघून घ्यावे. चालू सर्व्हरवर डीबग (चुका शोधण्यासाठी आतले तपशील दाखवणारी स्थिती) सुरू राहिला तर हे सगळे चूक दाखवणाऱ्या पानावर पाहुण्यालाही दिसते.

करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. डोमेन, क्लाऊडचे खाते आणि गिटची रिपॉझिटरी संस्थेच्या ई-मेलवर असतील. करणाऱ्याला आत वेगळा वापरकर्ता मिळेल. क्लाऊडच्या मूळ खात्याला दुहेरी पडताळणी असेल आणि तिची यूएसबी किल्ली सेक्रेटरींच्या तिजोरीत राहील, कोणाच्या मोबाईलमध्ये नाही. आणि बिलाची मर्यादा ओलांडली की अध्यक्षांना ई-मेल जाईल. डोमेन दुसऱ्याच्या नावावर असल्यामुळे अडून बसलेल्या संस्था या भागात शोधाव्या लागत नाहीत.

माणूस काम सोडून गेला, एजन्सी बदलली, की किल्ल्या बदलायच्या. तिथे क्रम चुकला तर भर दुपारी काउंटर बंद पडतो. डेटाबेसमध्ये आधी त्याच अधिकारांचा दुसरा वापरकर्ता तयार करावा. त्याचा पासवर्ड सिक्रेट्स मॅनेजरमध्ये घालावा. ॲप पुन्हा सुरू करावे, कारण पुष्कळ ॲपे गुपित सुरुवातीला एकदाच वाचतात आणि जुनेच धरून बसतात. नव्या नावाने जोडण्या येत आहेत हे डेटाबेसच्या चालू जोडण्यांच्या यादीत पाहावे. मग जुन्या वापरकर्त्याचे लॉगिन बंद करावे, पण त्याला काढू नये. महिनाअखेरीचे व्याज लावणारे किंवा रात्री चालणारे एखादे काम अजून त्याच्याच नावावर असते, आणि ते कोणाच्याही यादीत नसते. एक महिनाअखेर सुरळीत पार पडली की मगच तो पुसावा.

कळावे,
आपले,
संगणक क्षेत्रातील काही अभियंते व शिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव